आधी सासूबाई, मग अल्बम

पत्र (थोडं कमी करून):

"मावशी, आम्ही वसईत निर्मळच्या बाजूला राहतो, घरात बारा माणसं. सासूबाई, वय ८२. आम्ही दोघं आणि आमची पाच मुलं (१३, ११, ८, ६ आणि अडीच वर्षं). वरच्या मजल्यावर दीर-जाऊ आणि त्यांची दोन. दोन वर्षं झाली मी माझ्या मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवतेय. ठरवलं होतं रोज संध्याकाळी पूर्ण रोझरी (मारियामातेची जपमाळेची प्रार्थना), प्रत्येक मुलाची आठवणींची वही, दर वर्षी एक अल्बम. झालं काय, रोझरीला रोज भांडणं, धाकटी मेणबत्तीकडे धावते, मोठा मान खाली घालून बसतो. अल्बम एकही झाला नाही, मोबाईलमध्ये अठरा हजार फोटो पडलेत. आठ वर्षांच्या मुलीचं यंदा पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं) आहे. आणि गेल्या पाच-सहा महिन्यांत सासूबाई विसरायला लागल्यात, मला नणंदेच्या नावाने हाक मारतात. जाऊ म्हणते सगळ्यांना शाळेत घाल आणि मोकळी हो. मी काय सोडू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. तू सासूबाईंचं अगदी शेवटी लिहिलंयस, रोझरी झाली, अल्बम झाला, कम्युनियन झालं, मग आठवलं तसं. मला वाटतं तेच सगळ्यात वर यायला हवं होतं.

अठरा हजार फोटो पाच वर्षांनी पण तिथेच असतील, नीट कॉपी ठेवलीस तर. गणितात सहा महिने मागे पडलं पोर तर ते सहा महिन्यांत वर येतं, मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, हे मी शंभर वेळा बघितलंय. पण सासूबाईंना लग्नातली गाणी येत असतील, विहिरीवरून पाणी आणताना म्हणायची, मांडवात म्हणायची, तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांचं नाव माहीत असेल, वाडीतला कुठला तुकडा कधी विकला आणि का विकला ते माहीत असेल, ते दुसऱ्या कोणाकडे नाहीये. तेव्हा काय सोडू म्हणतेस तर अल्बम सोड. प्रत्येक मुलाची वेगळी वही सोड. या वर्षी घरातली एकच वही, आणि ती सासूबाईंची.

हे मी उगाच सांगत नाही. माझ्या वडिलांचा आवाज आमच्याकडे एका कॅसेटवर होता, नाताळच्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या पुराची गोष्ट सांगितली होती आणि भावाने ती गुपचूप टेप केली होती. दोन वर्षांनी कोणीतरी त्याच कॅसेटवर रेडिओवरची नाताळगीतं भरली. मुद्दाम नाही, कोणाला माहीतच नव्हतं त्यात काय आहे, वर काही लिहिलेलं नव्हतं. वडील गेल्यावर आम्ही ती कॅसेट पूर्ण ऐकली, दोन्ही बाजू, आणि अगदी शेवटी गाणं संपल्यावर चार सेकंद त्यांचं खोकणं आणि "पाणी दे गं" एवढंच उरलं होतं. मी अजून ती ठेवलीय. म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते ती ही की रेकॉर्ड करशील त्यावर नाव आणि तारीख टाक, आधी बोलून आणि मग फाईलच्या नावात. "आज अमुक तारीख, आजी बोलतायत, समोर अमुक बसलाय." एवढं बोलून मग सुरू कर.

त्याच्याही आधी एक. सासूबाईंना डॉक्टरला दाखवलंस का? पत्रात काही लिहिलं नाहीस. वय झालं म्हणून विसरतात असं म्हणून सोडून देऊ नकोस, थायरॉईड किंवा बी-१२ कमी असलं तरी विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. या आठवड्यात घेऊन जा.

आता बोलतं कसं करायचं ते सांगते. "आजी, तुम्हाला आठवतं का?" असं विचारायचंच नाही. तो प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि ज्याला आपण विसरतोय हे कळायला लागलंय त्याला परीक्षेची भीती वाटते, मग ते "नाही बाबा" म्हणून विषय संपवतात. त्याऐवजी हातात काहीतरी दे. त्यांचं जुनं लाल लुगडं दे, पाटा-वरवंट्याजवळ बसव, सुकेळीची, आपल्या सुकवलेल्या केळ्यांची, पुडी उघडून दे. किंवा गाण्याची पहिली ओळ तूच म्हण, चुकीची म्हणालीस तरी चालेल, चूक दुरुस्त करायला माणूस पटकन तोंड उघडतं. आणि सकाळी बसा, न्याहारी झाल्यावर. संध्याकाळी म्हातारी माणसं थकलेली असतात, गोंधळ वाढतो. दहा मिनिटं खूप झाली. पंखा बंद कर, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसता घरघर आवाज येतो.

साल विचारू नकोस, साल कोणाला आठवत नाही. मोठ्या घटना खुंटीसारख्या वापर. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईत आले होते, ओव्हल मैदानावर, भारतात आलेले ते पहिले पोप, तेव्हा तुझ्या सासूबाई विशी-एकविशीतल्या. "पोप आले तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? तुम्ही गेला होतात का बघायला? कोणाबरोबर?" यातून दहा वर्षांचा हिशेब लागतो. मग १९८६ ला पोप जॉन पॉल दुसरे आले, तेव्हा घरात कोण कोण होतं, कुठलं मूल किती वर्षांचं. मग १९९८ ला वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, म्हणजे वसईला स्वतःचे बिशप मिळाले, तेव्हा सासरे काय करत होते. एका लांब कागदावर आडवी रेघ मारायची आणि या खुंट्या रोवायच्या, मधे मधे घरातली माणसं लिहीत जायची. सहा वर्षांचं पोर पण हे करू शकतं. आणि हा इतिहासाचा तास झाला, त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही तरी चालेल.

आता कम्युनियनवाल्या पोरीचं. तिच्या तयारीचा सगळ्यात चांगला धडा तुझ्या घरात खुर्चीवर बसलाय. सासूबाईंचं पहिलं कम्युनियन १९५१-५२ च्या सुमाराला झालं असणार. तेव्हा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये असायची, फादर वेदीकडे तोंड करून उभे राहायचे, आणि कम्युनियन घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही असा नियम होता, पाणीसुद्धा नाही. पाण्याची सूट १९५३ ला मिळाली, मग १९५७ ला तो उपवास तीन तासांचा झाला आणि १९६४ ला एका तासाचा, तोच आज आहे. आता विचार कर, सात-आठ वर्षांची मुलगी, पहाटे उठलेली, घशाला कोरड, चालत चर्चला. त्या आधीच्या रात्री तुम्हाला तहान लागली होती का, एवढाच प्रश्न तुझ्या लेकीने आजीला विचारावा. मी माझ्या आईला विचारला होता. ती म्हणाली की पहाटे तोंड धुताना एक थेंब तरी आत गेला असेल का या भीतीने ती मिस्साभर रडत होती, आणि शेवटी रांगेत पुढे जाताना तिच्या आईने मागून हळूच पाठीवर हात ठेवला, जा म्हणून. बास. ही गोष्ट ऐकल्यावर माझ्या मुलांना एक तासाच्या उपवासाबद्दल मला परत कधी सांगावं लागलं नाही.

हे तिने स्वतः लिहायचं, आजीचे शब्द आहेत तसे. सासूबाई कादोडीत, आपल्या वसईच्या बोलीत, बोलत असतील तर कादोडीतच लिहू दे, जसं ऐकू येतं तसं, शुद्धलेखन बघायचं नाही. अकरा वर्षांचा तिला मदत करेल, एका शब्दावर दोघं भांडतील की हा 'ओ' आहे का 'उ', भांडू देत, भाषेचा अभ्यास याहून वेगळा काय असतो. आणि त्या वहीतलं पान कम्युनियनच्या दिवशी घरात वाचायचं, केक कापायच्या आधी, सगळे पाहुणे असताना, आजी समोर असताना.

हाताने लिहून घ्यायचं एवढं का म्हणतेय ते सांगते. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण तुला माहीत असेल, इंग्लंडहून आलेला जेझुइट (येशूसंघाचा) धर्मगुरू, गोव्यात साष्टीत राहिला आणि मराठीत दहा हजारांच्या वर ओव्या लिहिल्या. १६१६ ला छापलं, मग १६४९ ला, मग १६५४ ला. तीन वेळा छापलेल्या त्या पुस्तकाची एकही छापील प्रत आज मिळत नाही. तरी पुराण आहे आपल्याकडे, कारण लोकांनी घरोघरी हाताने उतरवून घेतलं होतं, रविवारी आणि सणाला म्हणत होते, आणि त्या हाताने लिहिलेल्या प्रतींवरून १९०७ ला मंगळूरला ते परत छापलं गेलं. छापील गेलं, वहीतलं राहिलं. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं गप्प व्हायची.

रोझरीचं बोलू. तू पाच रहस्यं (रोझरीचे पाच भाग, प्रत्येकात दहा नमो मारिया, म्हणजे मारियामातेची छोटी प्रार्थना), बारा माणसं आणि अडीच वर्षांचं पोर असं एकत्र बसवतेस रोज, आणि मग भांडण झालं की आपली श्रद्धा कमी पडली असं तुला वाटतं, पत्रातून दिसतंय. तसं नाहीये गं. रविवारची मिस्सा चुकवायची नाही हा नियम आहे, रोजची रोझरी ही भक्ती आहे, चांगली भक्ती, पण पाचच्या पाच रहस्यं रोज झालीच पाहिजेत असं चर्चने कुठेही सांगितलेलं नाही. सोमवार ते शुक्रवार एकच रहस्य म्हणा. त्या वाराचं. सोमवारी आनंदाचं, मंगळवारी दुःखाचं, बुधवारी गौरवाचं, गुरुवारी प्रकाशाचं (हे २००२ ला आलं, सासूबाईंच्या लहानपणी नव्हतं, त्यांना गुरुवारी जुन्या सवयीने आनंदाचंच तोंडात आलं तर मुलांनी दुरुस्त करायचं नाही). पाच-सात मिनिटांत होतं. शनिवारी पूर्ण, वरचे पण खाली बोलवून.

आणि ते एक रहस्य दर दिवशी एका मुलाने चालवायचं, सुरुवात त्यानेच करायची आणि कोणासाठी ते पण त्यानेच सांगायचं. आमच्याकडे असं असायचं की प्रत्येक रहस्याच्या आधी घरातल्या एका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्याबद्दल एक वाक्य. एकच. "पणजोबा, ते बैलगाडीने आगाशीला भाजी न्यायचे." "मोठी आत्या, ती अकराव्या दिवशी गेली, तिचा फोटो नाही." माझ्या मुलांना आमच्या घराण्याची चार पिढ्यांची नावं कुठल्या तक्त्यावरून नाही, या एका वाक्यावरून पाठ झालीत. तुझा तेरा वर्षांचा मान खाली घालून बसतो ना, त्याला नावांचं काम दे. धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ऑफिसात बाप्तिस्म्याची रजिस्टरं असतात, नाव, आईबाप, धर्ममाता-धर्मपिता, आणि पुढे त्याच नोंदीशेजारी लग्नाची पण नोंद करतात. फादरना आधी विचारून, वेळ घेऊन, वडिलांबरोबर जाऊ दे त्याला. आजोबांचं नाव त्या जुन्या शाईत बघितल्यावर काय होतं ते मी माझ्या धाकट्यात बघितलंय, तो बोट लावायला गेला आणि ऑफिसातल्या बाई ओरडल्या, आणि घरी येऊन तीन दिवस त्याच विषयावर बोलत होता. त्या वयाच्या मुलाला प्रार्थना कर म्हणून सांगण्यात अर्थ नसतो, त्याच्यावर काहीतरी सोपवावं लागतं.

धाकटीला मेणबत्ती फुंकू दे. शेवटी, क्रूसाची खूण करून झाल्यावर. ती त्यासाठी थांबेल.

माझ्या सासूबाईंची माळ माझ्याकडे आहे. लाकडी, काळपट, तिसऱ्या रहस्यातला एक मणी नाही, तिथे शर्टाचं बटण ओवलंय, पांढरं, चार भोकांचं. कोणाच्या शर्टाचं ते मी कधी विचारलं नाही. वीस वर्षं त्यांच्याबरोबर बसले रोज संध्याकाळी, बोट त्या बटणावर आलं की कळायचं आता सातवा नमो मारिया, पण विचारलं नाही. तू विचार. घरात अशी जी वस्तू असेल, वेदीवरच्या फोटोमागे खोचलेली झावळी असेल, फुटलेल्या हाताचा संत अंतोनी असेल, ती हातात घेऊन विचार.

होमस्कूलिंगचं थोडक्यात, कारण तुझा खरा प्रश्न तो नाही असं मला वाटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ च्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण घातलं नाही म्हणून आईबापांना शिक्षा असं त्यात काही नाही, त्यामुळे कोणी भीती घातली तर घाबरू नकोस, पण निष्काळजी पण राहू नकोस. मोठ्याचा शाळेचा दाखला जपून ठेव. १४ पूर्ण झाले की एनआयओएसमधून (केंद्र सरकारच्या मुक्त शाळेतून) दहावी करता येते, मराठीतून पण, पाच विषय, पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं. स्टेट बोर्डाची पण १७ नंबरच्या फॉर्मची, बाहेरून परीक्षेला बसायची, वाट आहे, त्याचे नियम त्या त्या वर्षी बघून घे. तेरा चालू आहे म्हणजे आत्ताच ठरवा, त्याला पण बसवा समोर. त्याला शाळेत जायचं असेल, मित्र हवे असतील, तर जाऊ दे त्याला. पाचही जणांचं एकच उत्तर असलं पाहिजे असं नाही, एक शाळेत आणि चार घरी हे पण कुटुंबच आहे. आणि रविवारचा कॅटेकिझमचा (धर्मशिक्षणाचा) वर्ग मात्र घरी शिकवते म्हणून बंद केला असशील तर सगळ्यांना परत पाठव. मुलांना धर्म शिकवायची पहिली जबाबदारी आईबापांची आहे हे चर्च स्वतःच सांगतं, पण कम्युनियनच्या रांगेत तुझी लेक गावातल्या पोरींबरोबर उभी राहणार आहे, त्यांच्याशी तिची ओळख असू दे.

जावेबद्दल तू जे दोन ओळी लिहिल्यास त्यात राग दिसला. असेल कारण. पण ती जे म्हणते "मोकळी हो", ते तू दमलेली दिसतेस म्हणून पण म्हणत असेल. तिची दोन मुलं पण त्याच आजीची नातवंडं आहेत. शनिवारची सकाळ तिला दे. तिनेच रेकॉर्ड करायचं, तिच्या फोनवर, म्हणजे आपोआप दुसरी कॉपी पण झाली. सासूबाईंनी तिला कदाचित वेगळ्या गोष्टी सांगितल्या असतील, सुना-सुनांना सासू वेगवेगळं सांगते.

फोटोंचं एवढंच कर. दर महिन्याला बारा निवड, महिन्याअखेरीस, मुलांनी मिळून, जास्त नाही. बाकीचे एका हार्ड डिस्कवर टाक आणि विसर. व्हॉट्सअॅपवर पाठवले म्हणजे जपले असं समजू नकोस, तिथे फोटो लहान होऊन जातो आणि फोन गेला की गेला. वर्षाअखेरीस निवडलेले छापून आण, मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव, वर्ष लिही, बॉलपेनने लिहू नकोस, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. आणि ते चिकट पानांचे अल्बम, प्लॅस्टिक उचलून फोटो चिकटवायचे, ते आणू नकोस, आमच्या लग्नाचे फोटो त्यात पिवळे पडले आणि आता काढायला गेलं की फाटतात. साधे कोपऱ्यांचे अल्बम घे.

आणि माळ्यावर काही ठेवलंयत का? जुन्या घरात असतंच, सासऱ्यांची पत्र्याची पेटी, पत्रं, जमिनीचे कागद, कोणाचा तरी लग्नातला फोटो. पाऊस लागायच्या आत खाली काढा. आपल्याकडच्या दमटपणात कागद एका पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात. ओढून सुटे करू नका, हवेशीर खोलीत, उन्हात नाही, वर्तमानपत्रावर पसरा. आणि पेटी उघडताना सासूबाईंना खुर्ची टाकून शेजारी बसवा आणि फोन चालू ठेवा, कारण एकेक वस्तू बाहेर येईल तशा त्या बोलतील. त्या दिवशी तुला नणंदेच्या नावाने हाक मारली तर ओ दे, आणि ऐक त्या नणंदेला काय सांगतायत.

कम्युनियन झालं की मला कळव, पोरीने आजीला विचारलं का, आणि आजी काय म्हणाली.